कोपऱ्यातला आकडा

सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी मी नेटवर्क खोलीचे कुलूप काढले. आधी एसी लावला, मग यूपीएसच्या नव्या बॅटऱ्यांवर हात ठेवून त्या तापल्या नाहीत ना ते पाहिले, मग खिडकीच्या गजावर वाळत टाकलेल्या फडक्याने टेबल पुसले. पावणेनऊला संगणक सुरू झाला. पुढची पंधरा मिनिटे ठरलेली होती. बारा संकेतस्थळे एकामागून एक उघडायची आणि प्रत्येकासमोर वहीत एक आकडा लिहायचा. चार किंवा सहा.

हा आकडा ब्राउझरच्या कोपऱ्यात, पत्त्याच्या पट्टीशेजारी उमटत असे. त्यासाठी मी एक छोटे एक्स्टेन्शन बसवले होते. इंटरनेटवर संगणकांना पत्ते देण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी ती आवृत्ती चार, नवी ती आवृत्ती सहा. त्या वर्षी जानेवारीत आमच्या कॉलेजात नवी पद्धत आली आणि जुनीही चालू राहिली. एकाच इमारतीला दोन दारे असावीत तसे ते होते. कोणते संकेतस्थळ कोणत्या दाराने येते हे तो आकडा सांगे, तांबडा चार किंवा हिरवा सहा. विद्यापीठाचे संकेतस्थळ माझ्या यादीत तिसरे होते. त्याच्यासमोर मी नेहमीप्रमाणे सहा लिहिले आणि पुढचे उघडले.

या गोष्टीला आता आठ वर्षे झाली. लातूरपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका तालुक्याच्या गावातले ते कॉलेज मी केव्हाच सोडले आहे.

साडेनऊला टेबलावरचा फोन वाजला. कार्यालयीन अधीक्षक टेकाळे बोलत होते.

"ताई, साहेब बोलवायलेत. कालची यादी घेऊन या म्हणाले."

"यादी त्यांच्याकडेच आहे."

"मग नुसत्या या. पेन आणा."

प्राचार्य देवणीकर नेहमीपेक्षा प्रसन्न दिसत होते. टेकाळे त्यांच्या उजव्या हाताला फाइल छातीशी धरून उभे होते. पंचावन्न ओलांडलेला, पांढऱ्या सफारीतला, सर्वांना ताई-दादा म्हणणारा हा माणूस. ऑगस्टअखेर निवृत्त व्हायचा होता.

"बसा, सोनटक्के मॅडम. तुमची यादी मी संस्थेच्या सचिवांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, एकच नाव असेल तर यादी कशाला म्हणायचं?"

"साहेब, त्यात नाव नाही. संगणकाचा क्रमांक आहे."

"आणि तो संगणक कोणाच्या टेबलावर आहे?"

"येळणे सरांच्या."

"मग झालं. संगणकाला काही पाय नसतात."

टेकाळे हसले. "सही करायला नको म्हणाले, तेव्हाच मला वास आला होता, साहेब."

प्रकरण असे होते. चार दिवसांपूर्वी विद्यापीठाकडून एक पत्र आले. आमच्या कॉलेजात बी.एस्सी. तृतीय वर्षाची संगणकशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा अठरा मार्चला झालीच नाही, बेचाळीस विद्यार्थ्यांचे गुण कार्यालयात बसून भरले गेले, अशी निनावी तक्रार संकेतस्थळावर आली होती. विद्यापीठाने खुलासा मागवला होता आणि तक्रारीची छापील प्रत सोबत जोडली होती. तक्रार बावीस मार्चला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी नोंदवलेली होती. प्राचार्यांनी मला विचारले होते, त्या वेळी आपल्या कॉलेजातून विद्यापीठाचे संकेतस्थळ कोणी उघडले? कोणत्या संगणकावरून कोणते संकेतस्थळ उघडले याची नोंद ठेवणारे एक नोंदयंत्र आमच्याकडे होते, ते मी तपासले. त्या अर्ध्या तासात एकच नोंद सापडली. अकरा वाजून बारा मिनिटे, संख्याशास्त्र विभाग. तीच मी आदल्या दिवशी यादी म्हणून लिहून दिली होती.

मला आश्चर्य वाटले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. संख्याशास्त्राचे असूनही प्रोग्रामिंगचा पेपर येळणेच शिकवत. अंतर्गत परीक्षक म्हणून गुणपत्रकावर सही करायला त्यांनी नकार दिला होता आणि ती सही मग दुसऱ्याकडून घ्यावी लागली होती. तेव्हापासून स्टाफरूममध्ये ते आले की बोलणे थांबे. मीही थांबत असे.

"आज चार वाजता सचिव येतायत," प्राचार्य म्हणाले. "येळणे तासिका तत्त्वावर आहेत. जूनपासून त्यांना तास मिळणार नाहीत, आणि संस्थेच्या इतर पाच कॉलेजांनाही तसं कळवलं जाईल. तुम्ही फक्त यादीखाली चार ओळी लिहा, की तांत्रिक तपासणीत असं आढळून आलं. सही करा. आणि त्याआधी तो संगणक ताब्यात घ्या."

"लिहून आणते."

"इथेच लिहिलं असतंत तरी चाललं असतं." ते माझ्याकडे पाहत राहिले. "उपस्थितीपत्रकावर प्रयोगशाळा प्रभारी म्हणून तुमचीही सही आहे, मॅडम. तेव्हा हा विषय लवकर मिटावा असं तुम्हालाही वाटत असणार."

ते खरे होते. अठरा मार्चला प्रयोगशाळा बंद होती. आदल्या रात्री यूपीएसच्या बॅटऱ्या फुगून फुटल्या होत्या. बाहेरून आलेले परीक्षक प्राचार्यांच्या खोलीत जेवले, कोऱ्या पत्रकांवर सह्या करून दुपारच्या एसटीने परत गेले. तीन दिवसांनी टेकाळे उपस्थितीपत्रक घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पोरांचं वर्ष वाया जाऊ नये, ताई. सगळीकडं असंच चालतंय." मी सही केली. त्यासाठी मला खुर्चीवरून उठावेसुद्धा लागले नाही.

संख्याशास्त्र विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली. मी दारात पोहोचले, तेव्हा येळणे सरांनी पडद्यावरची एक खिडकी झटक्यात बंद केली. माझ्या ते लक्षात आले, आणि माझ्या लक्षात आले हे त्यांच्याही लक्षात आले.

"या मॅडम. संगणक न्यायला आलात ना? शिपाई सकाळीच सांगून गेला."

"मला तसं सांगण्यात आलंय."

"न्या. नऊ वर्षं तासिकेवर आहे मी. ही खुर्चीसुद्धा तासिकेवर आहे, दुपारी भूगोलवाले घेऊन जातात."

मी हसले नाही. हसणे म्हणजे बाजू घेणे होईल असे वाटले. "सर, आत्ता काय बंद केलंत?"

"जाहिरात. परभणीच्या एका कॉलेजात जागा निघालीय. कॉलेजच्या वेळेत, कॉलेजच्या संगणकावर दुसरीकडची नोकरी शोधत होतो. हेही यादीत घाला."

"बावीस तारखेला सव्वाअकराच्या सुमाराला विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडलं होतंत?"

"रोज उघडतो. पदभरतीचं परिपत्रक आलं का बघतो. रोज येत नाही."

"आणि तक्रार?"

त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. कोणी विचार करायला वेळ घेतो आहे असे दिसले, की तेव्हा मला ते खोटेपणाचे लक्षण वाटत असे.

"केली असती तर नाव घालून केली असती, असं म्हणायला मला आवडलं असतं, मॅडम. पण मी काहीच केलं नाही. सही केली नाही, तेवढंच. एवढ्यानंच दमलो."

"संकेतस्थळ उघडून दाखवता? तुम्ही रोज कुठल्या पानावर जाता ते बघू द्या."

त्यांनी उघडले. पान सावकाश आले. ते मला परिपत्रकांचा रकाना दाखवत होते, पण मी तिकडे पाहत नव्हते. मी कोपऱ्याकडे पाहत होते.

"हा आकडा इथे नेहमी असाच असतो?"

"हा तांबडा चार? तुम्हीच जानेवारीत बसवून गेलात की. माझ्याकडे काहीही उघडलं तरी चारच. मला वाटलं, कायम नोकरीवाल्यांना सहा देत असतील."

माझ्या वहीत विद्यापीठासमोर तीन महिने रोज सहा लिहिलेले होते. आज सकाळीही.

मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. मग एकेक गोष्ट आठवत गेली, आणि प्रत्येक गोष्ट माझ्याच हातची होती. येळणे सरांचा संगणक कॉलेजातला सर्वात जुना. नवी पद्धत सुरू केल्यावर त्यावरची संख्याशास्त्राची प्रणाली अडखळू लागली, म्हणून मी त्या एका संगणकावर ती बंद करून टाकली होती. बाकीचे सव्वाशे संगणक विद्यापीठाकडे नव्या दाराने जात. आणि आमचे नोंदयंत्र जुने होते. ते फक्त जुन्या दाराशी बसलेले होते. नव्या दाराने कोण गेले, कोण आले, याची त्याला खबरच नव्हती. नवे यंत्र घ्यावे असे मी फेब्रुवारीत लिहून दिले होते आणि मग स्वतःच विसरून गेले होते.

नोंद एकच होती, कारण पहारेकऱ्यासमोरून जाणारा माणूस एकच होता. आणि मी प्राचार्यांना सांगितले होते की इमारतीतून बाहेर पडलेला माणूस एकच आहे.

"काय झालं?" येळणे सरांनी विचारले.

"काही नाही. संगणक इथेच राहू द्या. कोणी न्यायला आलं तर माझं नाव सांगा."

"तुमचं नाव सांगून काय होईल?"

मी स्टूल भिंतीशी सरकवले आणि बाहेर पडले.

एवढ्याने ते निर्दोष ठरत नव्हते, नोंद निरुपयोगी ठरत होती एवढेच. मला तक्रारीची छापील प्रत पाहायची होती. प्राचार्यांनी ती माझ्यासमोर एकदा हलवली होती, तेव्हा मजकुराच्या खाली बारीक अक्षरांची एक ओळ दिसल्याचे आठवत होते.

कार्यालयात टेकाळे जागेवर होते.

"झालं का लिहून, ताई?"

"तक्रारीची प्रत जरा पाहायची आहे. वेळ नीट लिहायला हवी."

"वेळ मी सांगतो. अकरा वीस."

"कागदावरून लिहिते. उद्या कोणी विचारलं तर?"

त्यांनी फाइल उघडली, पण हातातून सोडली नाही. पान माझ्याकडे वळवून धरले. मजकूर संपल्यावर तारीख, वेळ आणि त्याखाली अंक, इंग्रजी अक्षरे आणि दोन-दोन टिंबे यांची एक लांबलचक ओळ होती. छपाईतला कचरा वाटावा अशी.

"ते काही नाही," टेकाळे म्हणाले. "मशीनचं आहे ते."

मशीनचेच होते. विद्यापीठाच्या संगणकाने तक्रार पाठवणाऱ्याचा पत्ता आपोआप छापला होता, आणि तो नव्या पद्धतीचा होता. येळणे सरांच्या संगणकाला असा पत्ता असूच शकत नव्हता. जुन्या पद्धतीत सगळे कॉलेज बाहेर एकाच पत्त्याने ओळखले जाते. नव्या पद्धतीत प्रत्येक संगणकाला स्वतःचा पत्ता मिळतो. ते पत्ते जानेवारीत मीच वाटले होते. पुढचा भाग सगळ्यांचा सारखा, आणि शेवटी माझ्या सोयीसाठी दिलेला क्रमांक. कार्यालयाला वीसपासून. वीस प्राचार्यांचा.

ओळीच्या शेवटी एकवीस होते.

एकवीस क्रमांकाचा संगणक माझ्यासमोर तीन फुटांवर होता. त्याच्यावर हळदीकुंकवाचे बोट उमटलेले होते आणि त्याच्यामागे टेकाळे बसले होते.

 चेहरा सांभाळण्याची सवय मला कधीच नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग त्या ओळीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. फाइल हळूच मिटली.

"मिळाली का वेळ?" त्यांनी विचारले.

"मिळाली."

दीड वाजता ते नेटवर्क खोलीत आले. दार लोटून घेतले, पण बसले नाहीत.

"त्या ओळीवरून माणूस कळतोय का, ताई?"

"माणूस नाही. संगणक कळतो."

"साहेबांना कळंल?"

"त्यांनी मला विचारलं तर. क्रमांकांची वही माझ्याकडेच आहे."

ते खुर्चीत बसले.  हा माणूस आता मला धमकी देईल की विनवणी करील, याचा मी अंदाज बांधत होते. आदल्या दिवसापर्यंत ज्याच्यावर माझा सर्वात कमी संशय होता, त्याच्याविषयी आता काहीही खरे वाटू शकत होते.

"माझी पुतणी त्या वर्गात होती," ते म्हणाले. "भाऊ नाही मला आता, पोरगी माझ्याकडंच असती. निकाल लागायच्या आधीच लातूरला एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. प्रात्यक्षिकाच्या गुणांचा कागद मीच काढून दिला होता, पन्नासपैकी सेहेचाळीस. तिथं तिला संगणकासमोर बसवलं, म्हणाले एक छोटा प्रोग्राम लिही. पोरगी अर्धा तास नुसती बसून आली. घरी येऊन मला म्हणती, काका, मग मला सेहेचाळीस कसे? कसे म्हणजे? मीच टाइप केले होते. दोन बोटांनी."

"मग तुम्ही लिहिलंत."

"दुसऱ्या दिवशी. इथंच, माझ्या टेबलावर. घाम फुटला होता. नाव नाही टाकलं तर कळत नसतंय, असं वाटलं मला."

"आणि येळणे सरांचं काय?"

त्यांनी लोटलेल्या दाराकडे पाहिले.

"आज सकाळी तुम्ही म्हणालात, वास आला होता."

"काय म्हणू मग? साहेब माझ्या तोंडाकडं बघायले होते." त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "येळणे तरणा माणूस हाय, ताई. शिकलेला हाय. कुठंही मिळंल त्याला. माझे पाच महिने राहिलेत. पेन्शनचे कागद साहेबांच्या सहीशिवाय हलत नाहीत."

"नऊ वर्षांत त्यांना कुठेही मिळालेलं नाही."

"ते मला कळत नाही का?"

"कळतं ना? मग?"

"मग काय?" ते उठले. "तुम्हाला वाटलं तर सांगा साहेबांना. मी नाही म्हणणार नाही. खरं सांगू का, तुम्ही सांगितलं तर बरंच वाटंल. माझ्याच्यानं होत नाही."

ते गेल्यावर मला त्यांचा राग आला नाही. राग यावा असे फार वाटत होते. पण पाहावे तिकडे मला माझीच सही दिसत होती. येळणे सरांनी सही केली नव्हती आणि त्यांना शिक्षा होत होती. टेकाळ्यांनी खोटे टाइप केले, मग खरे लिहिले, आणि आता त्या खऱ्यापासून ते पळत होते. मी सही करून मोकळी झाले होते, आणि गेले चार दिवस खरे लिहिणाऱ्याला शोधण्याच्या कामी लागले होते. प्राचार्यांनी मला हे काम दिले ते मला संगणकातले कळते म्हणून, असे मी समजत होते. सही केलेली बाई शोधताना मागे पाहणार नाही, हे त्यांना माझ्याआधी कळले होते.

येळणे सरांचा पत्ता जुळत नाही एवढेच मी लिहिले असते, तर प्राचार्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग कोणाचा जुळतो? मी वहीचे पान फाडले असते तरी त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी बोलावून शोधायला लावले असते. सव्वाशे संगणक म्हणजे काही समुद्र नव्हे. तक्रार कोणी केली हा प्रश्न उभा होता तोपर्यंत कोणीतरी सापडणारच होते. तो प्रश्न संपेल अशी जागा एकच होती.

अडीच वाजता मी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा तक्रारीचा अर्ज उघडला. नावाच्या रकान्यात लिहिले: अनघा रमाकांत सोनटक्के, प्रयोगशाळा प्रभारी. मजकूर छोटा झाला. अठरा मार्च रोजी प्रयोगशाळा दिवसभर बंद होती. प्रात्यक्षिक परीक्षा झाली नाही. उपस्थितीपत्रकावरील सही माझी असून ती मी परीक्षा झाली नसल्याचे माहीत असताना केली. याआधी आलेल्या निनावी तक्रारीतील मजकूर खरा आहे. विद्यार्थ्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी.

एकदा वाचले. एक विशेषण राहिले होते, ते काढून टाकले. पाठवले.

मग प्राचार्यांच्या नावे दुसरा कागद लिहिला. कालची यादी चुकीच्या समजुतीवर आधारलेली असून ती मी मागे घेत आहे. प्रा. दत्ता येळणे यांच्या संगणकावरून ती तक्रार जाणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, त्याचा तपशील सोबत जोडला आहे. तक्रारीतील मजकूर मी स्वतःच्या नावानिशी विद्यापीठाला खरा म्हणून कळवला असल्यामुळे पहिला तक्रारदार शोधण्याचे कारण आता उरलेले नाही, आणि त्या कामात मी यापुढे मदत करणार नाही. संगणकावरून पाठवलेल्या मजकुराची प्रत खाली जोडली.

तीन पस्तीसला मी कार्यालयात गेले. आवक टपालाची मुलगी त्या दिवशी रजेवर होती, तिच्या जागेवर टेकाळे बसले होते. मी दोन्ही कागद आणि पोचेसाठी एक प्रत त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी पहिला कागद वाचला. दुसरा वाचायला त्यांना बराच वेळ लागला. बाहेर सचिवांची गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला, शिपाई पाण्याचे ग्लास घेऊन धावला.

"आवक लावू?" त्यांनी विचारले.

"लावा."

"ताई, एकदा शिक्का मारला की परत घेता येत नाही."

"माहीत आहे."

त्यांनी शिक्का उचलला, तारीख आजची आहे का ते पाहिले, आणि तिन्ही कागदांवर सरळ मारला. रजिस्टरमध्ये क्रमांक लिहिला. विषयाच्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पूर्ण वाक्य लिहिले, काही न गाळता, आणि माझी प्रत माझ्या हातात दिली.

पावणेचारला माझा प्रथम वर्षाचा तास होता. मी जिना चढून वर्गात गेले आणि हजेरी घेतली.